पिकअप गेलेली गाडी आणि साताऱ्यातील एक लहान गॅरेज

पूर्वी खंबाटकी घाट तिसऱ्या गिअरवर सहज चढणारी माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी गेल्या पावसाळ्यानंतर दुसऱ्या गिअरवरही दम टाकू लागली होती. सपाट रस्त्यावर ती ठीक चाले. मात्र ओव्हरटेक करण्यासाठी ॲक्सिलरेटर दाबला, की क्षणभर काहीच होत नसे आणि मग दोन-तीन झटके देऊन ती वेग घेई. लिटरला 16 किलोमीटर मिळणारे ॲव्हरेजही 13 वर आले होते. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जागेवरच सुरू करून पाहिली गेली, इंजेक्टर साफ करून त्याचे बिल लावले गेले. फरक मात्र काडीचाही पडला नाही. शेवटी नातेवाइकांच्या सांगण्यावरून साताऱ्याच्या एमआयडीसी भागातील एका लहान गॅरेजमध्ये गेलो. तेथील कामाविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

बॉनेट उघडण्याआधी मिस्त्रींनी प्रश्न विचारले. आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही असे होते का, हा पहिला प्रश्न होता, कारण तसे असेल तर दोष क्लच प्लेटचा असतो. मग चारही चाकांजवळ हात नेऊन एखादा ब्रेक धरून राहिल्याने चाक तापले आहे का ते त्यांनी पाहिले, एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरला, आणि या तिन्ही शक्यता बाजूला पडल्यावर स्कॅनर जोडून, मला शेजारी बसवून, गाडी चढावर नेली. स्कॅनरवर एकही एरर कोड नव्हता. परंतु ॲक्सिलरेटर दाबताच तिसऱ्या सिलिंडरचे मिसफायर, म्हणजे पेट्रोल न पेटण्याचे प्रसंग, मोजणारा आकडा भराभर वाढू लागला. परत आल्यावर त्यांनी पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची (स्पार्क प्लगला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाची) अदलाबदल केली व पुन्हा तीच फेरी मारली. दोष कॉइलमध्ये असता, तर तो तिच्याबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेला असता. तो तिसऱ्यावरच राहिला, म्हणून संशय स्पार्क प्लगवर आला.

जागेवरच्या तपासणीत हा दोष का सापडला नाही, हेही त्यांनी समजावून सांगितले. सिलिंडरमधील दाब जितका जास्त, तितके ठिणगी उडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते, आणि प्लग झिजून गॅप, म्हणजे ठिणगी जिथे उडते ती दोन टोकांमधील फट, वाढला असेल तर ते आणखीच वाढते. गाडी उभ्या जागी सुरू असताना दाब कमी असतो, म्हणून झिजलेला प्लगही वेळ निभावून नेतो. चढावर भार आला, की त्याचे पितळ उघडे पडते. असे न जळलेले पेट्रोल धुराच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागापर्यंत) जाते आणि तो तापून निकामी होऊ शकतो. त्याची किंमत चार प्लगच्या कित्येक पट असते, त्यामुळे असे झटके अंगावर काढणे मला तरी परवडणारे वाटत नाही.

इंजिन थंड होईपर्यंत प्लगला हात लावणार नाही, असे सांगून त्यांनी दीड तास थांबवले. ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे गरम असताना खराब होण्याची भीती असते. मग हवेच्या पाइपने प्लगभोवतीची धूळ उडवून त्यांनी चारही प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर एक ते चार अशा क्रमाने मांडले. तीन प्लगची टोके फिकट तपकिरी होती. तिसरा काजळीने काळा, ओलसर, आणि नाकाजवळ नेताच पेट्रोलचा वास येणारा. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा वापरलेल्या खडूसारख्या गोल झालेल्या होत्या. मॅन्युअलमध्ये गॅप 1.1 मिलिमीटर दिलेला असताना फिलर गेजची (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांच्या संचाची) 1.4 ची पट्टी त्यातून अलगद गेली. 68 हजार किलोमीटर हेच प्लग चालले होते. निकेलचे प्लग साधारण 30 ते 40 हजारांपर्यंत टिकतात.

इरिडियमचे प्लग टाकावेत का, असे मी विचारले. “ते टिकतील जास्त, पण ताकद कंपनीने दिली तेवढीच राहणार, साहेब,” या त्यांच्या उत्तराने माझा विश्वास बसला. मॅन्युअलमधील क्रमांकाचेच निकेलचे प्लग आणले, प्रत्येकाचा गॅप पुन्हा मोजला, आधी हाताने आटे बसवले आणि मगच ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच लावला. प्लगचे 720 आणि मजुरीचे 400 रुपये झाले. पुढच्याच आठवड्यात खंबाटकी घाट गाडीने तिसऱ्या गिअरवर, एकही झटका न देता पार केला.

उणीव सांगायची तर बिल साध्या पॅडवर मिळते आणि त्यावर प्लगचा क्रमांक व किलोमीटर आपणच आग्रहाने लिहून घ्यावे लागतात. बसायला सावलीची जागाही नाही. या कामासाठी जाणाऱ्यांनी तपासणीची फेरी आदल्या संध्याकाळी मारून घ्यावी आणि गाडी रात्री तिथेच ठेवावी, म्हणजे सकाळी इंजिन थंड मिळते आणि दीड तास उन्हात उभे राहावे लागत नाही.