दोन वेळा जेवायचं की दर दोन तासांनी?

आमच्या घरात दोन्ही पंथ नांदतात. धाकटी जाऊ दीक्षितांच्या दोन जेवणांची, मी बरेच दिवस दिवेकरांच्या दर दोन तासांची. कोणी "वजन उतरवायचंय, काय करू?" असं विचारलं की आम्ही दोघी एकदमच बोलायला लागतो आणि विचारणारा गोंधळून घरी जातो. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीचं मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीत आहे. कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळी जेवायचं आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपायचं. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. जोडीला 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. त्यामागचा तर्क असा, की खाल्लं की इन्सुलिन (साखर आणि चरबी साठवायला लावणारं संप्रेरक) स्रवतं, आणि ते सारखं सारखं स्रवत राहिलं तर साठलेली चरबी वापरायची वेळच येत नाही.

आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं बरोबर उलट. सकाळ चहाने उघडायची नाही. आधी फळ किंवा भिजवलेले बदाम. मग दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, आपल्याकडचं, हंगामातलं. भात-तुपाची भीती नको, पाकिटातलं नको, रात्रीचं जेवण लवकर. भूक तुंबू दिली नाही की माणूस ताटावर तुटून पडत नाही, हा इथला तर्क.

आता गंमत अशी, की दोन्हीकडे बारीक झालेली माणसं मी पाहिली आहेत. माझ्या मते कारण एकच: दोन्हीत संध्याकाळचं फरसाण, बिस्किटाचा पुडा आणि ओट्याशी उभ्याने तोंडात टाकलेले चार घास बंद होतात. त्यामुळे तर्क कोणाचा खरा यावर भांडण्यापेक्षा आपल्या घराचं घड्याळ बघावं.

जावेचं घड्याळ सरळ आहे. सकाळी सातची लोकल, अकराला ऑफिसात डबा, रात्री आठला जेवण. "मध्ये काहीच नाही" हा नियम तिला पाळायला सोपा जातो, कारण त्यात मोजमाप नाही. अडतं ते लोकांपाशी. हळदीकुंकवाला "अगं, एवढंसं घे" म्हणणाऱ्या बाईला दरवेळी नाही म्हणायचं. साखरेचा चहाही गेला, हे तिला पहिला महिनाभर फार जड गेलं.

माझं फसलं ते वेगळ्या ठिकाणी. दर दोन तासांचं खायचं म्हणजे सकाळी चार डब्या भरायच्या. सोमवारी केळं, दाणे, ताक सगळं बरोबर. गुरुवारपर्यंत डब्या रिकाम्या आणि पाचच्या भुकेला शेजारच्या टेबलावरची चकली. "थोडं" हा शब्द ताणावा तेवढा ताणतो. दोष पद्धतीचा नाही, माझ्या सकाळचा आहे. दिवसभर घरी असणाऱ्या, स्वयंपाकघर हाताशी असणाऱ्या माणसाला हीच पद्धत जास्त सोसेल.

मग मी दोन्ही सोडलं आणि तेलाच्या पिशव्या मोजल्या. आम्ही चौघं, महिन्याला लिटरच्या चार पिशव्या. पिशवीवर 910 ग्रॅम छापलेलं असतं. म्हणजे माणशी रोज 30 ग्रॅम, सुमारे 270 कॅलरी, आणि तूप वेगळंच. फोडणीला पळी थेट कढईत उपडी करायची सवय होती; आता मसाल्याच्या डब्यातल्या चमच्याने मोजून घालते. चौथी पिशवी बंद झाली, भाजीच्या चवीबद्दल कोणी बोललं नाही. चहाचंही तेच. रोज चार कप, कपाला दोन चमचे, चमचा साधारण 5 ग्रॅमचा: 40 ग्रॅम साखर, 160 कॅलरी. एकदम बंद केली असती तर आठवड्यात परत आली असती, म्हणून दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला. रात्री जेवल्यावर सोसायटीला चार फेऱ्या. हा रस्ता सगळ्यात संथ, यात शंका नाही. लग्नाआधी दोन महिन्यांत बारीक व्हायचं असेल तर निराश व्हाल. पण दोन वर्षं झाली, तो अजून चालू आहे, आणि बाकीच्या दोन्हींबद्दल मला हे म्हणता येत नाही.

किती उतरवायचं? अमेरिकेतल्या मधुमेह टाळण्याच्या 2002 च्या मोठ्या अभ्यासात लोकांपुढे लक्ष्य होतं वजनाच्या 7 टक्क्यांचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाचं. त्या गटात नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा 58 टक्क्यांनी कमी राहिलं. 75 किलोच्या माणसाला 7 टक्के म्हणजे जेमतेम सव्वापाच किलो. काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी: आपल्याकडे पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या आत, बायकांची 80 च्या आत असावी असं मानतात.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर दोन वेळांचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मोठ्या अंतराने साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर त्या वाटेला जाऊच नये.

कोणतीही निवडा, फक्त गणपतीच्या आदल्या आठवड्यात सुरुवात करू नका. जावेने केली होती. सकाळ-संध्याकाळ आरती, आरतीला मोदक, आणि प्रसादाला नाही म्हणायची सासूबाईंसमोर तिची काय टाप.