एमजीबीत माझदाचं इंजिन टाकलं, नऊ महिने आणि ६,२०० किलोमीटरनंतर

इंजिन बदललं त्याला आता नऊ महिने झाले आणि मीटरवर ६,२०० किलोमीटर पडलेत (मीटर खोटं बोलतंय, ते पुढे सांगतो), तर म्हटलं आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं आणि तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर शिव्या.

गाडी १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची दोन सीटर. हे मॉडेल १९६२ ते १९८० बनलं, बंद टपाची जीटी धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या, म्हणजे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही, आणि त्यामुळेच हात घालायची हिंमत झाली. दुर्मिळ गाडी असती तर स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लावला नसता. इंजिन पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चं (माझदाची छोटी दोन सीटर), १९९३ मध्ये आलेलं १.८ लिटरचं, सोबत त्याचाच पाच गिअरचा गिअरबॉक्स. सगळं काम घरच्या गॅरेजमध्ये, वीकेंडला आणि रात्री. वेल्डिंगला एक मित्र, कारण माझं वेल्डिंग बघून त्याने मशीन हातातून काढूनच घेतलं. माझा अंदाज होता तीन महिने, लागले चौदा.

आधी आकडे सांगतो, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. जुनं, एमजीबीचं मूळ बी-सिरीज इंजिन १,७९८ सीसी, नवीन गाडीत कंपनीच्या आकड्याने ९५ हॉर्सपॉवर. माझदाचं १,८३९ सीसी, १६ व्हॉल्व्ह, डबल ओव्हरहेड कॅम, १३० च्या आसपास. वाचून वाटतं आता गाडी उडणार. पण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, बघा, दोघांचाही साधारण १५० न्यूटन मीटर, जवळजवळ सारखाच! फरक तो किती आरपीएमला मिळतो त्यात आहे. जुन्याला तो ३,००० आरपीएमलाच मिळायचा आणि माझदाला त्यासाठी ५,००० पर्यंत चढावं लागतं. त्यामुळे पहिल्या दिवशी गल्लीतून बाहेर काढली तेव्हा मला खरंच वाटलं की काहीतरी चुकलंय, गाडी मेलीये. जुनं इंजिन टॉपमध्ये ४० वर घोरत घोरत ओढायचं, हे नाही ओढत, याला गिअर मागावा लागतो. मग ४,५०० च्या पुढे गेलं की कळतं पैसे कुठे गेले ते. पण रोजच्या चालवण्यात ४,५०० च्या पुढे कोण जातं हो? मी तरी आठवड्यातून एखाद्या वेळी.

मग खरा फायदा कशात झाला तर पाचव्या गिअरमध्ये. जुना गिअरबॉक्स चार गिअरचा, माझ्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (हायवेला आरपीएम कमी करणारा जादा गिअर) नव्हता आणि पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद पडायची सोय, पण नव्हता (तो १९६७ पासून आला). १०० च्या स्पीडला इंजिन साधारण ३,४५० ला ओरडत असायचं, आता तेच २,८०० ला. लांबच्या प्रवासानंतर कानात जी शिट्टी वाजायची ती बंद झाली. आधी बायको तासाभराने "थांबूया का" म्हणायची, आता झोपते. याहून मोठं सर्टिफिकेट मला नकोय.

आता जे कुणी आधी सांगत नाही ते. इंजिन बसवणं हे सगळ्यात सोपं काम आहे. फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते माउंट) बनवायची, ऑइल चेंबर पुढच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे आडव्या बीमला, आपटतं म्हणून कापून पुन्हा जोडायचं, क्रेनने आत सोडायचं, बाहेर काढायचं, परत सोडायचं. माझं अकरा वेळा आत-बाहेर झालं. एक टीप, हे सगळं रिकाम्या ब्लॉकवर आणि हेडवर करा, भरलेल्या इंजिनाने करू नका, कंबर माझी गेली तशी जाईल. जुन्या इंजिनाचे कार्ब (कार्बोरेटर) आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या बाजूला होते, उजवी बाजू मोकळी. नवीन हेडमध्ये एका बाजूने हवा आत आणि दुसऱ्या बाजूने धूर बाहेर, म्हणजे स्टिअरिंग कोणत्याही बाजूला असो, त्याच्या रॉडशी कुणीतरी भांडणारच. मॅनिफोल्ड नवीन बनवावा लागला. पण हे दिसणारे प्रॉब्लेम आहेत, हात लावून कळतात.

वायरिंग दिसत नाही. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असायचा, उलटं अर्थिंग, आणि सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. ईसीयूला (नवीन इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) हे चालत नाही, त्यामुळे सगळी गाडी उलटी फिरवायची. डायनॅमो गेला, अल्टरनेटर आला, दोनच्या जागी एक १२ व्होल्टची बॅटरी आली. दिवे-हॉर्नला काही फरक पडत नाही, पण आरपीएम मीटरला पडतो, कारण तो कॉइलच्या वायरमधला करंट मोजणारा होता, त्याला ना उलटी पोलॅरिटी चालते ना नवीन कॉइल पॅक. डबा आणि काटा जुना ठेवून आतलं सर्किट बदललं. टेम्परेचर मीटर तर अजून नाजूक, त्याच्यातून निघणारी बारीक तांब्याची नळी थेट इंजिनापर्यंत जाते, आत ईथर भरलेलं, नळी तुटली की मीटर मेला. ती मी एका जुन्या टी-शर्टात गुंडाळून चौदा महिने जपली.

आणि या सगळ्यात मी काय विसरलो, तर इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरच्या फाउंडेशनवर बसलंय, बॉडीशी धातूचा संबंध नाही, मग स्टार्टरचा एवढा करंट परत कुठून जाणार? अॅक्सिलरेटरच्या केबलमधून गेला. दोन वेळा सेल्फ मारला आणि केबलच्या कव्हरमधून धूर. मित्र शांतपणे म्हणाला, "तुझी केबल पण आता १३० हॉर्सपॉवरची झाली." नवीन केबल, जाड पट्टी, विषय संपला. तुम्ही कुणी हे करत असाल तर ही पट्टी पहिल्यांदा लावा, इंजिन आत गेल्या गेल्या.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र जपून राहा, इथे चूक म्हणजे आग. कार्बला तीन पीएसआयच्या आसपास प्रेशर पुरतं, मागे पंप टिक-टिक करत बसायचा, मला तो आवाज फार आवडायचा. इंजेक्शनला तीन बार लागतं, म्हणजे चौदापट वगैरे. जुने रबरी पाइप, जुने क्लिप, काही म्हणजे काही ठेवू नका, इंजेक्शनसाठी बनलेलेच पाइप घ्या. शिवाय टाकीकडे परत जाणारी लाइन लागते जी या गाडीत नव्हतीच. आणि जुन्या टाकीत आत आडवे पडदे नाहीत, पेट्रोल कमी असताना लांब वळणावर ते सगळं एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन मिसिंग मारतं. कार्बच्या भांड्यात थोडा साठा असायचा म्हणून आधी कधी कळलं नाही. मी पहिले दोन महिने हा प्रॉब्लेम ईसीयूत शोधत होतो, लॅपटॉप घेऊन! शेवटी दीड लिटरची एक छोटी टाकी मध्ये टाकली, जुन्या दुसऱ्या बॅटरीच्या खोबणीत बसली अगदी मापात, त्यानंतर एकदाही नाही.

ईसीयू मेगास्क्वर्ट आहे, घरी जोडून ट्यून करता येतो असा, वायरिंग मी केलं, ट्यूनिंग पण शिकत शिकत मीच. गरम इंजिनाचं ट्यूनिंग दोन वीकेंडमध्ये जमलं, सायलेन्सरमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावला की हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा समोर दिसतो, आरामात चालताना १४.७ च्या जवळ, पूर्ण पाय दाबला की १२.५ ते १३. पण थंड स्टार्टने जीव घेतला. कारण काय, तर थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. सकाळी एक प्रयोग करा, चुकला की उद्या या. वर हवामान बदललं की कालचा आकडा आज चालत नाही. पाच महिने लागले, आता एका सेल्फला चालू होते आणि सिग्नलला बंद पडत नाही. चोक ओढून गाडीची मनधरणी करणं संपलं, थोडं चुकल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू.

सगळ्यात जास्त दमवलं ते व्हायब्रेशनने. ८५ ते ९५ मध्ये सीटखालून घूं-घूं थरथर, वर गेलं की गायब, खाली आलं की गायब. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलला जाणारा दांडा) नवीन लांबीचा करून घेतला होता, बॅलन्स केलेला, म्हणून त्याच्यावर संशयच घेतला नाही. टायर बॅलन्स केले, व्हील बदलून बघितले, इंजिनाचं एक फाउंडेशन बदललं. भानगड अँगलची होती. शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट तिरका चालला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा थोडा पुढे पळतो, दोनदा थोडा मागे पडतो, आणि दुसऱ्या टोकाचा जॉइंट त्याच अँगलला असेल तर हा चढउतार तिथे फिटून जातो. गिअरबॉक्सची फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) आणि मागच्या अॅक्सलची फ्लँज एकमेकींना समांतर हव्यात. माझ्यात अडीच डिग्रीचा फरक होता. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सला मागे नेहमीसारखा सपोर्टच नसतो, एक लांब फ्रेम त्याला थेट डिफरन्शिअलला बांधते, त्यामुळे इथे तो सपोर्ट मी माझ्या मनाने बनवला होता, आणि 'दिसायला सरळ' बनवला होता. गिअरबॉक्सखाली ठरावीक जाडीच्या पट्ट्या टाकून अर्ध्या डिग्रीच्या आत आणलं आणि थरथर गेली. फोनमधलं अँगल मोजायचं अॅप वापरलं, फुकट. चार महिने मी जे सोसलं ते एका फुकट अॅपने दीड तासात संपलं, आता यावर काय बोलणार.

बाकी किरकोळ. चौथ्या महिन्यात गिअरबॉक्सवर ऑइल दिसायला लागलं, मला वाटलं मागचं मोठं सील गेलं, म्हणजे सगळं परत बाहेर. निघाला हेडच्या मागच्या टोकाला असलेल्या कॅम सेन्सरचा ओ-रिंग, वयाने कडक झालेला. इंजिन बाहेर असताना बदलायला पाच मिनिटं लागतात, आत असताना बल्कहेडमुळे (इंजिन आणि केबिनमधली भिंत) हात जात नाही म्हणून अख्खी दुपार आणि तीन बोटांची सालं. म्हणून सांगतो, इंजिन आत टाकायच्या आधी सगळे सील, ओ-रिंग, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, काही विचार न करता नवीन टाका. क्लच सुरुवातीला पूर्ण सुटत नव्हता, कारण पेडलचा मास्टर सिलेंडर जुना आणि गिअरबॉक्सचा स्लेव्ह नवा, दोघांची मापं जुळत नव्हती, मास्टर बदलला. ट्रॅफिकमध्ये टेम्परेचर ९६-९८ ला थांबतं, इलेक्ट्रिक फॅन लागतो, सुटतो, काळजी नाही. हे इंजिन मुळात आडवं बसणाऱ्या गाड्यांच्या घराण्यातलं, एमएक्स-५ साठी उभं करताना पाण्याचा रस्ता पुढच्याच बाजूने ठेवला, त्यामुळे मागच्या सिलेंडरकडे पाणी कमी फिरतं. मी थर्मोस्टॅट मागे नेला. रोजच्या वापरात गरज नव्हती बहुतेक, पण इंजिन बाहेर होतं म्हणून केलं.

अॅव्हरेज आधी नऊ-दहाचं होतं, आता तेराच्या थोडं वर. आणि मीटर, तर जुन्या मीटरला नवीन गिअरबॉक्सची केबल जोडली की हिशेब चुकतो, १०० दाखवतो तेव्हा जीपीएसवर ९१ असतात. म्हणजे वरचे ६,२०० पण खरे साडेपाच हजारांच्या वर थोडे, पण मला ६,२०० म्हणायला आवडतात.

ब्रेकचं काय, असं सगळे विचारतात. पुढे डिस्क, मागे ड्रम, तेच आहेत, फक्त पॅड चांगले टाकले आणि बूस्टर बसवला. कॉर्नरिंगसाठी काही केलं नाही, पाटे तेच, जुने लिव्हर शॉकअप तेच. गाडी वळणावर अजून साठच्या दशकातच राहते आणि मला तिची तिथेच सवय आहे. कागदपत्रांचं मात्र आधी करा, इंजिन नंबर बदलला की नोंदणी आणि इन्शुरन्स दोन्हीकडे कळवावं लागतं, आपापल्या ठिकाणचा नियम इंजिन विकत घ्यायच्या आधी बघा, नंतर नाही.

परत करीन का? या गाडीवर हो, दुसऱ्या गाडीवर नाही. ज्याची जुनी गाडी नीट चालतेय आणि फक्त हायवेचा आवाज खुपतोय त्याने जुन्याच इंजिनाला ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स शोधावा, माझ्या सुखातलं निम्म्याहून जास्त सुख तिथेच मिळेल आणि चौदा महिने वाचतील. माझं जुनं इंजिन तडकलेल्या ब्लॉकचं होतं, म्हणून इकडे वळलो. ते अजून कोपऱ्यात स्टँडवर आहे. बॉडी कुठे कापली नाहीये मी, फाउंडेशन सगळी बोल्टने लावलीत, उद्या कुणाला ब्लॉक शिवून परत टाकायचं असेल तर टाकता येईल.

सध्या गाडी जॅकवर आहे. ७० च्या आसपास मागच्या अॅक्सलमधून बारीक कूंऽऽ असा आवाज येतो, पाय काढला की बदलतो. बेअरिंग किंवा डिफरन्शिअलचे गिअर, उघडल्यावर कळेल. किती वर्षांपासून येत असेल कुणास ठाऊक, जुन्या इंजिनाच्या गोंगाटात कधी ऐकूच आला नव्हता.