जोनी मिचेल: १९६९ चं 'बोथ साइड्स नाऊ' ऐकायचं की २००० चं?

जोनी मिचेल ही कॅनडाची गायिका आणि गीतकार. तिला ऐकायला सुरुवात करायचीय आणि 'बोथ साइड्स नाऊ' शोधलं की एकच गाणं तीन-चार ठिकाणी दिसतं, मग नेमकं कुठलं लावू असं बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी १९६९ चं, 'क्लाउड्स' अल्बममधलं. गिटार आणि तिचा आवाज, एवढंच. १९६७ मध्ये विमानात बसून ती सॉल बेलोची कादंबरी वाचत होती, त्यातलं पात्र विमानातून ढग बघत असतं आणि हिनं खिडकीतून पाहिलं तर हिच्याही खाली ढगच, त्यातून हे गाणं आलं. तेव्हा ती २३ वर्षांची. आधी गायिका जुडी कॉलिन्सनी ते गाजवलं, हिचं स्वतःचं नंतर आलं. आवाज पातळ, स्वच्छ, वरच्या पट्टीत आरामात चढणारा, आणि ती ओळी पटापट गात जाते, कुठे रेंगाळत नाही. आयुष्य मला कळलंच नाही असं म्हणते पण कळेल अजून, वेळ आहे, असं वाटत राहतं.

२००० च्या अल्बमचं नावच हे आहे. सोबत भलीमोठी ऑर्केस्ट्रा, अरेंजमेंट विन्स मेंडोझाची. बाकीची गाणी जुनी, दुसऱ्यांची, तिची स्वतःची फक्त दोन. आता ती ५६ ची, लहानपणापासूनची सिगारेट, आवाज पार खाली उतरलेला, कडेनं खरखरीत. सगळ्यात मोठा फरक पट्टीचा नाहीये, लयीचा आहे. ती तालाच्या जरा मागे राहून गाते, व्हायोलिनं पुढे गेलेली असतात आणि शब्द मागून येतो, जणू म्हणू की नको असं चाललंय. हेडफोन लावून ऐका, दोन ओळींच्या मधला श्वाससुद्धा ऐकू येतो. 'लव्ह अ‍ॅक्चुअली' सिनेमात एमा थॉम्प्सन बेडरूममध्ये एकटी उभी राहून डोळे पुसते ना, तिथे हेच वाजतं, त्यामुळे खूप जणांना हेच माहीत असतं.

तरी माझं म्हणणं, १९६९ चंच आधी ऐका आणि एकदा नाही, चार-पाचदा, चाल तोंडात बसेपर्यंत. कारण २००० चं गाणं त्या चालीच्या आठवणीवर उभं आहे, ती कुठे थांबली, कुठला सूर तिनं सोडून दिला हे जुनं कानात असेल तरच कळतं, नाहीतर नुसतं सुंदर सिनेमाचं म्युझिक वाटून पुढे जाल.

पण नवं ते चांगलं असं सरसकट नाही हां. त्याच अल्बममध्ये 'अ केस ऑफ यू' पण आहे आणि तिथे मी डोळे झाकून १९७१ च्या 'ब्लू' अल्बममधलं घेईन. त्यात ती डल्सिमर (मांडीवर ठेवून वाजवायचं तंतुवाद्य) वाजवते, गायक जेम्स टेलरची गिटार आहे. ते गाणं एका माणसाशी समोरासमोर बोलणं आहे, आणि ऑर्केस्ट्रा आली की खोलीत शंभर माणसं येऊन बसल्यासारखी होतात.

२००२ चं 'ट्रॅव्हलॉग' म्हणजे याच पद्धतीनं, ऑर्केस्ट्रासोबत केलेली तिची स्वतःची २२ गाणी, दोन डिस्क. सुरुवातीला नको, फार जड आहे, मूळ गाणी पाठ झाल्यावर घ्या.

राहिलं न्यूपोर्टचं, म्हणजे अमेरिकेतल्या न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलमध्ये गायलेलं. २०१५ मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, चालणंसुद्धा परत शिकावं लागलं, गिटारवर बोटं कुठे ठेवायची ते ती स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून शिकली आणि जुलै २०२२ मध्ये स्टेजवर आली. अल्बम आहे २०२३ चा, पण हे नुसतं ऐकू नका, व्हिडिओ बघा. ती खुर्चीत बसून सावकाश गातेय, शेजारी गायिका ब्रँडी कार्लाइल, आणि मागे उभ्या दुसऱ्या गायिकेला, वायनोना जडला रडू आवरत नाहीये.