‘पॅक्ड’ की ‘हॅव पॅक्ड’?
देवगडला आंब्याची बाग सांभाळणाऱ्या माझ्या भाचीला आंब्याच्या पेट्या भरल्याचे ग्राहकाला इंग्रजीत कळवताना ‘पॅक्ड’ आणि ‘हॅव पॅक्ड’ यांपैकी कोणते रूप लिहावे, असा प्रश्न पडला. घडणीत साधा भूतकाळ, म्हणजे ‘पॅक्ड’, सोपा आहे: ‘पॅक’ला ‘ईडी’ जोडले की सर्व पुरुषांत तेच रूप चालते, मात्र प्रश्नात ‘डिड’ येताच क्रियापद मूळ ‘पॅक’वर परतते. पूर्ण वर्तमानकाळात, म्हणजे ‘हॅव पॅक्ड’मध्ये, ‘पॅक्ड’ प्रश्नातही टिकते, पण ‘हॅव’ आणि ‘हॅज’ यांचे भान ठेवावे लागते. खरी अडचण वापरात आहे, कारण ‘काल पेट्या भरल्या आहेत’ हे मराठीत सहज चालते, तर इंग्रजीत ‘यस्टरडे’सोबत ‘हॅव पॅक्ड’ चूक ठरते. पेट्या कधी भरल्या हे सांगायचे असल्यास ‘पॅक्ड’ लिहावे. त्या आता तयार आहेत एवढेच कळवायचे असल्यास ‘हॅव पॅक्ड’ मला अधिक योग्य वाटते.