द्राक्षांच्या मागोमाग नेदरलँड्सला: एका अभ्यासदौऱ्याचा जमाखर्च

खरड छाटणी आटोपली की द्राक्ष बागायतदाराला थोडी उसंत मिळते, हे ओळखून नाशिकमधील एका प्रवासी कंपनीने एप्रिलअखेरीस नेदरलँड्सचा नऊ दिवसांचा ‘कृषी व अर्थ अभ्यासदौरा’ काढला होता. माणशी २ लाख ८० हजार रुपये भरून आम्ही बावीस जण त्यात सामील झालो. निम्म्याहून अधिक मंडळी निफाड-दिंडोरीकडील बागायतदार होती. उरलेल्यांत दोन निवृत्त बँक अधिकारी, एक कृषी सेवा केंद्राचे मालक आणि मी होतो. मी आयुष्यभर वाणिज्य शिकवले आणि पिंपळगावची घरची बाग धाकट्या भावाच्या भरवशावर सोडली. परत आल्यापासून जो तो विचारतो आहे की पैसे वसूल झाले का. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

कंपनीच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापले होते की महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही लहान असलेला हा देश शेतमालाच्या निर्यातीत मूल्याच्या हिशेबाने जगातील अगदी आघाडीच्या देशांपैकी एक आहे. वाक्य खरे आहे, पण अर्धे आहे. गेली काही वर्षे १०० अब्ज युरोंच्या वर गेलेल्या या निर्यातीत मोठा वाटा असा आहे, की जो माल त्या मातीत पिकतच नाही. आपली थॉमसन रॉटरडॅमला उतरते, तिथला व्यापारी ती विकत घेतो, शीतगृहात ठेवतो, गरज पडल्यास पुन्हा पॅक करतो आणि जर्मनीकडे किंवा पोलंडकडे रवाना करतो. हा मालही डच निर्यातीच्या आकड्यात मोजला जातो. म्हणजे दिंडोरीच्या घडाचा हिशेब दोन देशांच्या वहीत लिहिला जातो, आणि दुसऱ्या वहीतली रक्कम मोठी असते. या देशाची ओळख करून घ्यायची तर सुरुवात इथून व्हायला हवी होती, परंतु पहिल्या दिवशी आम्हाला मिळाली ती लाकडी बुटांची आणि पवनचक्क्यांची ओळख.

दौऱ्यातील सर्वांत मोलाचा दिवस कंपनीच्या हातून बहुधा नकळतच घडला. आल्समीरच्या फुलबाजाराला जाण्याच्या आदल्या दिवशी वेळ उरला म्हणून आम्हाला उत्तरेकडील ब्रूक ऑप लांगेडाईक या गावी नेण्यात आले. इथे १८८७ मध्ये उतरत्या भावाचा भाजी लिलाव सुरू झाला. शेतकरी कालव्यांतून होडीने माल आणत आणि भरलेली होडी सरळ लिलावाच्या सभागृहातून पलीकडे निघे. आज त्या इमारतीत संग्रहालय आहे आणि पाहुण्यांना जुन्या बाकांवर बसवून खरोखरीची बोली लावू देतात. समोर भिंतीवर प्रचंड तबकडी, तिचा काटा वरच्या भावापासून झपाट्याने खाली येतो, आणि जो पहिल्यांदा कळ दाबेल त्याला त्या क्षणीच्या भावाने माल मिळतो. लासलगावला पुकारा होतो आणि भाव चढत जातो, इथे सगळे चिडीचूप आणि भाव उतरत जातो. आमच्यातील निफाडच्या एका काकांनी काटा अजून बराच वर असतानाच कळ दाबली आणि फ्लॉवरचे खोके चांगलेच महागात पदरात पडले. सगळे हसले. काका मात्र गंभीर होते. “पस्तीस वर्षं माल विकला, पण घेणाऱ्यालाही घाम फुटतो हे आज कळलं,” असे ते म्हणाले आणि पुढच्या फेरीत त्यांनी काटा इतका उतरू दिला की माल दुसऱ्यानेच उचलला.

या पूर्वतयारीमुळे दुसऱ्या दिवशीचा आल्समीर आम्हाला समजला. पहाटे पाचला हॉटेल सोडले होते. वरच्या लांबलचक पुलावरून चालताना खाली फुलांच्या ट्रॉल्या एकमेकींना जोडून आगगाडीसारख्या धावताना दिसतात. एकेका लॉटचा सौदा काही सेकंदांत उरकतो आणि बहुतेक खरेदीदार आता संगणकासमोर बसूनच बोली लावतात. बागायतदारांचे डोळे चमकले ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. हा बाजार उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे आणि खरेदीदार पैसे भरतो ते संस्थेकडे, शेतकऱ्याकडे नव्हे. द्राक्षाचे पैसे बुडवून रातोरात गाशा गुंडाळणारा व्यापारी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या एका व्यवस्थेचे मोल फुलांच्या साऱ्या रंगांहून अधिक वाटले. सहकार आपल्याला नवा नाही, साखर कारखान्यांवर आपण तो उभा केला. तरीही द्राक्षाचा सौदा आजही बांधावर, तोंडी शब्दावर होतो, यावर बसमध्ये नाशिकच्या भाषेत भरपूर चर्चा झाली.

रॉटरडॅमने निराशा केली, आणि त्यात दोष शहराचा नाही. १४ मे १९४० रोजी जर्मन बॉम्बफेकीत शहराचा गाभा बेचिराख झाला, त्यामुळे इथे अ‍ॅमस्टरडॅमसारखी जुनी कालव्याकाठची घरे शोधून सापडत नाहीत. त्यांच्या जागी काचेचे मनोरे, तिरप्या घनाकृती घरांची रांग आणि २०१४ मध्ये खुली झालेली ती घोड्याच्या नालेच्या आकाराची मंडई आहे, जिच्या कमानीत माणसे राहतात आणि पोटात बाजार भरतो. हे शहर २००४ पर्यंत जगातील सर्वांत मोठे बंदर होते आणि युरोपातील सर्वांत मोठे ते आजही आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘बंदराची पाहणी’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात सव्वा तासाची पर्यटकांची बोटफेरी मिळाली, जी शहरालगतच्या जुन्या गोद्यांभोवती फिरून परत येते. बंदर शहरापासून समुद्रापर्यंत सुमारे ४० किलोमीटर पसरले आहे. कंटेनरची मोठी जहाजे पार टोकाला, समुद्रात भर घालून केलेल्या मासव्लाक्ते येथे लागतात. तिथे लोकांसाठी माहितीकेंद्रही आहे. फळांच्या व्यापाऱ्यांची शीतगृहे शहराच्या दक्षिणेस बारेन्द्रेख्त येथे एकवटली आहेत. यांपैकी एकही ठिकाण आम्हाला दाखवले नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे ज्यांचे कंटेनर युरोपात अडकले, त्या पिढीचे दोन बागायतदार आमच्यासोबत होते. आपला माल कुठे उघडला जातो आणि कोण तपासतो, हे पाहायलाच ते आले होते. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२४ च्या हंगामात जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली, तेव्हा उशिरा पोहोचलेल्या मालाची तिथे काय अवस्था झाली, हेही त्यांना विचारायचे होते. विचारायला समोर कोणी नव्हते.

दुसरी त्रुटी कांद्याची. नेदरलँड्स जगातील मोठ्या कांदा निर्यातदारांपैकी एक आहे आणि नैऋत्येकडील झेलँड प्रांत त्यासाठी ओळखला जातो. नाशिकच्या बावीस जणांना तिकडे न नेता हिऱ्यांच्या दुकानात दीड तास बसवणे, याला काय म्हणावे? तिथे कोणी काही घेतले नाही. कंपनीला दलाली मिळाली असेल तर ती आमच्या वेळेच्या रूपाने मिळाली.

वेस्टलंडमधील काचघराची भेट उत्तम होती. दहा मीटरहून लांब वाढलेले टोमॅटोचे वेल तारेवरून गुंडाळत नेलेले, मुळाशी माती नाही, परागीभवनासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात पाळलेले भुंगे. काचघर गरम ठेवण्याचे गणित नैसर्गिक वायूवर चाले आणि २०२२ मध्ये वायूचे भाव भडकल्यावर अनेकांचे कंबरडे मोडले, हे मालकाने आडपडदा न ठेवता सांगितले. देशाचे स्वतःचे ख्रोनिंगनचे वायूक्षेत्र भूकंपांमुळे २०२३ मध्ये बंद करावे लागले, हा त्याच कथेचा दुसरा धागा. वाखेनिंगनच्या कृषी विद्यापीठात मात्र फक्त चित्रफीत दाखवली, ती घरी बसूनही पाहता आली असती.

पाण्याबद्दल एवढेच सांगतो की १९५३ च्या पुरात १,८३६ माणसे गेल्यावर या लोकांनी समुद्राला दारे बसवली. त्यांतील १९९७ चे मासलांटकेरिंग आम्ही पाहिले. त्याहून मला रस वाटला तो त्यांच्या २१ जलमंडळांत. ही मंडळे स्वतंत्र निवडणुकीने बनतात आणि स्वतःची पट्टी वसूल करतात. वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्थेत काम केलेले दिंडोरीचे एक सदस्य हे ऐकताना वहीत भराभर लिहून घेत होते.

माणसे स्पष्टवक्ती आहेत. काचघराच्या मालकाने आमच्या निर्यातदाराच्या पॅकिंगचे फोटो पाहून ‘हे चांगले नाही’ असे तोंडावर सांगितले आणि मग अर्धा तास खर्चून का चांगले नाही तेही समजावले. दुपारचे जेवण म्हणजे पाव, चीज आणि बरोबर कार्नेमेल्क. ते पेल्यात ओतल्यावर सर्वांनी एका सुरात ‘अरे, हे तर ताक!’ असे म्हटले आणि मंडळींनी खिशातून जिरेपूड काढली. हेगमध्ये सुरीनामी हिंदुस्तानी समाजाच्या खानावळीत पोळीसोबत बटाटा आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजी मिळाली. १८७३ पासून भारतातून मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेतील तेव्हाच्या डच वसाहतीत, सुरीनामला नेलेल्यांचे हे वंशज. गल्ल्यावरच्या मावशींची सरनामी बोली आमच्या हिंदीला बरीचशी कळत होती. ४ मे रोजी रात्री आठ वाजता युद्धातील मृतांसाठी देश दोन मिनिटे स्तब्ध होतो. त्या वेळी आम्ही उट्रेख्तच्या चौकात होतो. सायकली जागच्या जागी थांबल्या, आमच्या गटातील एकाचा फोन वाजला आणि ती दोन मिनिटे फार लांब झाली. याची पूर्वसूचना व्यवस्थापकाने द्यायला हवी होती.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या मुख्यालयासमोरून आम्ही काहीही न ऐकता पुढे गेलो. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या समभागांच्या खरेदी-विक्रीतूनच तिथला शेअर बाजार उभा राहिला. मी गटातून मागे राहून चौकात डोकावलो. तिथे आता विद्यापीठ आहे आणि विद्यार्थी डबा खात बसले होते. जायफळासाठी १६२१ मध्ये आजच्या इंडोनेशियातील बांदा बेटांवर याच कंपनीने केलेली कत्तल आठवल्याशिवाय ते अंगण मला पाहता आले नाही.

व्हिसाची कागदपत्रे, निवास आणि संध्याकाळचे शाकाहारी जेवण यांबाबत तक्रारीला जागा नाही. ज्येष्ठांची काळजीही मनापासून घेतली. उणीव दुभाष्याची होती. स्थानिक मार्गदर्शक दहा वाक्ये बोले आणि आमच्यापर्यंत दोन पोहोचत. पुढच्या वर्षीची नोंदणी दिवाळीनंतर सुरू होणार असे कळते. पैसे भरण्याआधी बारेन्द्रेख्तचे शीतगृह, मासव्लाक्ते आणि झेलँडमधील कांद्याची प्रतवारी ही तीन ठिकाणे तारखेसह लेखी मागून घ्यावीत. निफाडच्या काकांनी तर कंपनीला कळवूनच टाकले आहे की ही तीन ठिकाणे असतील तर ते पुन्हा येतील, आणि हिऱ्यांच्या दुकानापाशी बसमध्येच बसून राहतील.