606 च्या नावाखाली 17,350 रुपयांना टोपी

ठाणे-नवी मुंबईतल्या वाजवणाऱ्यांनो, जुन्या रोलंड टीआर-606 ड्रम मशीनची स्वस्त जाहिरात दिसली तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा.

त्याचा महागडा थोरला भाऊ, अस्सल टीआर-808, घेणं हळदीला ऑक्टापॅड वाजवून पोट भरणाऱ्याचं काम नाही. म्हणून माझ्यासारखे 606 च्या मागे असतात. 1981 चं मशीन, सॅम्पल म्हणजे आधी रेकॉर्ड केलेले आवाज वगैरे काही नाही, आवाज आतल्या सर्किटातूनच निघतो. त्याचा तो कोरडा, पत्र्यासारखा हाय-हॅट मला हवाच होता. 25,000 ला दिसलं.

विकणारा अस्खलित मराठी, तोंडात सारखं 'दादा, दादा'. काका रेकॉर्डिंगच्या सेशनला वाजवायचे, त्यांचंच मशीन म्हणे. 1982 मध्ये वादक चरणजित सिंगांनी इथेच मुंबईत 808 आणि रोलंडच्याच 303 बेस सिंथवर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती, हे आपल्या लायनीत कुणाला ठाऊक नाही? त्या काळातल्या वादकाच्या घरात असं मशीन निघणं अगदीच पटण्यासारखं होतं. 3,000 टोकन दिलं. तलावपाळीला भेटायचं ठरलं, तर सकाळीच फोन, 'दादा, आईला ॲडमिट केलंय, पुण्याला आलोय, पार्सल टाकतो.' निम्मे म्हणून 12,500 गेले. मग पार्सलचा इन्शुरन्स, 'परत मिळतील' म्हणून 1,850. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. टोकनच्या वेळी यूपीआयवर भलतंच नाव आलं, तर 'बायकोचं खातं' म्हणाला. असं कुणी म्हटलं की तिथेच थांबा.

पण डोक्यात जातो तो त्याने पाठवलेला व्हिडिओ. किक, स्नेअर, दोन टॉम, हॅट, सिंबल, आणि शेवटी क्लॅप, म्हणजे टाळीचा आवाज. चांगला खणखणीत क्लॅप! अहो, 606 ला क्लॅप नाहीच! 808 ला आहे, बेहरिंगर कंपनीने काढलेल्या 606 च्या नकलेत आहे. म्हणजे व्हिडिओच दुसऱ्या मशीनचा. मी तो कोपरखैरण्यात बेंजोच्या टेम्पोत बसून ऐकला, शेजारी कच्छी ढोल आवळणं चाललेलं. त्या गोंगाटात फोनच्या स्पीकरवर कुणाला काय कळणार? तरी सलतं. रोज रात्री क्लॅपचा पॅड बडवणारा माणूस मी.

विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर सेलचा कप्पा उघडायला लावा, खऱ्या 606 ला तो असतोच. मागे यूएसबी दिसलं तर फोन ठेवून द्या, 1981 मध्ये कुठलं यूएसबी!

पोलीस ठाण्यात तर कहरच. 'राहता तिकडे, भेटणार ठाण्यात, खातं परराज्यातलं, आमच्या हद्दीत घडलं काय?' दुसरीकडे गेलो तर साहेब बंदोबस्ताला. एकाने जाहिरातीतला फोटो बघून विचारलं, 'चाळीस वर्षांपूर्वीच्या डब्याला एवढे पैसे कोण देतं?' चोर राहिला बाजूला, मीच येडा ठरलो! बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. मग माझं खातं गोठवायची धमकी केवायसीसाठी कशी लगेच येते हो? कुरियरच्या पावतीचा नंबर खोटा निघाला, ती पावती तर कुणी हातातसुद्धा घेतली नाही. पैसे गेल्याचं कळलं की पहिला फोन 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला करा, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या नंतर झिजवा. माझा अख्खा दिवस बाकड्यावर गेला, तोवर त्याने खातं रिकामं केलं होतं.

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाने लागलाय. पत्ता ऐरोलीचा, किंमत 22,000.