पेट्रोल गळतंय: लोकल पाईपचा तुकडा की कंपनीचा अख्खा पाईप?

साताऱ्यातल्या मावसभावाच्या जुन्या पेट्रोल गाडीला बॉनेटखाली वास यायला लागलाय. गॅरेजवाला म्हणतो तुकडा बदलून देतो, शोरूमवाले अख्खा पाईप सांगतायत, आणि हा विचारतोय काय करू दादा.

खर्चात लोकल स्वस्त, वाद नाही, आणि तासाभरात काम होतं. कंपनीच्या पार्टची वाट बघावी लागते, मॉडेल बंद झालं असेल तर मिळेलच असंही नाही.

खरा फरक टिकण्यात. कार्बोरेटरच्या गाडीत प्रेशर अगदी कमी, तिथं साधा पेट्रोल पाईप चालून जातो. एमपीएफआयमध्ये, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, साधारण 3 बार प्रेशर असतं, तिथं तोच पाईप फुगतो नाहीतर क्लिपमधून निसटतो आणि मग पेट्रोल ठिबकत नाही, फवारा उडतो, शेजारी तापलेला एक्झॉस्ट आहेच, खंबाटकी चढताना तर विचारूच नको. लोकलच टाकायचा तर पाईपवर जे30 आर9 (J30 R9, इंजेक्शनच्या जास्त प्रेशरला चालणाऱ्या पाईपची खूण) छापलंय का वाच, आर7 कमी प्रेशरचा असतो. आणि खाचावाली स्क्रू क्लिप नको बाबा, जास्त आवळली की रबर कापते.

कार्बोरेटर असेल, गाडी गावातच फिरत असेल तर चांगला लोकल पाईप पुरे. एमपीएफआय असेल, पुण्याला ये-जा असेल तर कंपनीचाच घे, मिळालाच नाही तर आर9. तोवर सेल मारू नको, टो करून ने.